तान्ह्या बाळांचा आरएसव्ही आणि प्रतिकारशक्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की बालरोगतज्ज्ञांच्या बाहेरच्या बाकड्यांवर एकच प्रश्न फिरत असतो: "बाळाची इम्युनिटी कमी आहे का हो?" या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. म्हणून खालची उत्तरं कुठे फार लांबली आहेत, कुठे दोन ओळींत आटोपली आहेत. उदाहरण म्हणून मुख्यतः आरएसव्ही हाच विषाणू घेतला आहे, कारण तान्ह्या बाळांना श्वासाच्या त्रासासाठी भरती करावं लागतं त्यामागे बहुतेकदा तोच असतो.

आरएसव्ही म्हणजे काय? हा नवीन विषाणू आहे का?

अजिबात नाही. रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस 1956 मध्ये अमेरिकेत आधी चिंपांझींमध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी संशोधक रॉबर्ट चॅनॉक यांनी तो बाल्टिमोरमधल्या आजारी बाळांमध्ये शोधला. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतोच. आपल्याकडे त्याला नावाने ओळखत नव्हते एवढंच. "छाती भरली", "कफ झाला", विदर्भात "डब्बा झाला" असं म्हणून वेळ मारून नेली जायची.

घरात सगळ्यांनाच सर्दी झाली होती. बाळालाच ॲडमिट का करावं लागलं?

पहिलं कारण निव्वळ भूमितीचं आहे. हा विषाणू फुप्फुसातल्या सर्वांत बारीक श्वासनलिकांच्या आतल्या पेशींत वाढतो. त्या पेशी मरून गळतात, त्यात चिकट स्राव आणि पांढऱ्या पेशी मिसळतात, नळीची भिंत सुजते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा विरोध दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होतो. मोठ्या माणसाच्या नळीत एवढी सूज सहज खपून जाते. दोन महिन्यांच्या बाळाची नळी मुळातच इतकी अरुंद असते की थोड्या सुजेने ती बंदच पडते. याच आजाराला डॉक्टर ब्रॉन्किओलायटिस म्हणतात. त्यात तान्हं बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेतं, म्हणजे नाक चोंदलं की दूधही सुटतं.

दुसरं कारण म्हणजे तुमचा हा बहुधा दहावा-बारावा आरएसव्ही असतो आणि बाळाचा पहिला.

वेळेआधी जन्मलेली बाळं, जन्मजात हृदयदोष असलेली, फुप्फुसाचा जुना आजार असलेली, डाउन सिंड्रोम असलेली बाळं यांना धोका जास्त, हे खरंच. पण भरती झालेल्या बाळांची गोळाबेरीज केली तर त्यांतली बहुसंख्य पूर्ण दिवसांची आणि आधी ठणठणीत असलेलीच निघतात. त्यामुळे "गरोदरपणात काही चुकलं का", "दूध पुरलं नाही का" असं आईला विचारत बसणाऱ्या नातेवाइकांना हा परिच्छेद जरूर वाचून दाखवा.

मग प्रतिकारशक्ती कमी असते असं म्हणायचं की नाही?

कमी म्हणण्यापेक्षा वेगळी असते म्हणा. पोटात असताना बाळाच्या प्रतिकारशक्तीला मुद्दाम दबून राहावं लागतं, नाहीतर ती आईच्याच पेशींवर उठेल. ही सवय जन्मानंतर लगेच जात नाही. विषाणू शिरल्यावर पहिल्या काही तासांत पेशींनी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडायची असतात, म्हणजे शेजारच्या पेशी सावध होतात. नवजात बाळात हे इंटरफेरॉन कमी प्रमाणात बनतं. टी पेशींचा, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, कलही विषाणूबाधित पेशी मारण्यापेक्षा ॲलर्जीत दिसणाऱ्या, स्राव वाढवणाऱ्या प्रतिक्रियेकडे जास्त असतो.

आणि आरएसव्हीला नेमकं याच जागी हात मारायला येतं. त्याच्याकडे एनएस-1 आणि एनएस-2 अशी दोन प्रथिनं आहेत, ज्यांचं मुख्य काम इंटरफेरॉनचा इशारा दाबून टाकणं हेच आहे. शिवाय स्वतःचं "जी" नावाचं प्रथिन तो मोकळं सोडतो आणि आपल्या अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला धरणारी आपली प्रथिनं, त्याच्याच मागे लागून वाया जातात. बाळाचा इशारा आधीच हळू, त्यात विषाणू तो आणखी दाबणार. मधल्या दिवसांत तो खालच्या नळ्यांपर्यंत पोचतो. पहिले दोन दिवस नुसतं नाक वाहतं आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बाळ अचानक धापा टाकू लागतं, ते यामुळे.

पण शरीराचीच प्रतिक्रिया जास्त होऊन त्रास होतो असंही वाचलं होतं. कोणतं खरं?

दोन्हींत तथ्य आहे आणि तज्ज्ञांतही यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. नळीत अडकलेल्या गाळात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा मोठा भरणा असतो, हे उघड दिसतं. त्यावरून सगळा दोष प्रतिकारशक्तीच्या माथी मारणं सोपं होतं. पण 2007 मध्ये आरएसव्हीने दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात विषाणू भरपूर आणि त्याला मारणाऱ्या टी पेशी मात्र फारच थोड्या आढळल्या. म्हणजे हल्ला अति झाला असं तिथे दिसत नाही. योग्य हल्ला वेळेवर झालाच नाही असं दिसतं.

स्टेरॉइडचा अनुभवही हेच सांगतो. प्रतिक्रिया अति होणं हेच मूळ असतं तर ती स्टेरॉइडने दाबून बाळ सुधारायला हवं होतं. अमेरिकेत 600 बाळांवर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची मोठी चाचणी झाली, तीही 2007 मध्येच प्रसिद्ध झाली. भरती होण्याच्या प्रमाणात काहीही फरक पडला नाही. क्रूप नावाच्या, भुंकल्यासारखा खोकला येणाऱ्या आजारात मात्र हेच औषध उत्तम चालतं.

माझं मत विचाराल तर "कमी की जास्त" हा प्रश्नच इथे अपुरा पडतो. काय प्रतिक्रिया आली आणि ती किती उशिरा आली, यावर आजाराची तीव्रता ठरते. काही अभ्यासांत तर सौम्य आजार असलेल्या बाळांच्या नाकात विषाणूही जास्त आणि इंटरफेरॉनही जास्त सापडलं, तर गंभीर बाळांत दोन्ही कमी. नाकातला विषाणू मोजून तीव्रतेचा अंदाज बांधता येत नाही, तो याचमुळे.

लस इतकी वर्षं का आली नाही?

आली होती, आणि तिने घात केला. 1966 च्या सुमारास अमेरिकेत फॉर्मॅलिन या रसायनाने मारलेल्या आरएसव्हीची लस बाळांना देऊन पाहण्यात आली. पोलिओची साल्क लस अशाच पद्धतीने बनली होती, त्यामुळे शंका घ्यायचं कुणाला कारण नव्हतं. वॉशिंग्टनमधल्या गटात 31 बाळांना लस मिळाली. पुढच्या हंगामात त्यांतल्या 20 जणांना आरएसव्ही झाला आणि त्या 20 पैकी 16 जणांना भरती करावं लागलं. ज्यांना ही लस दिली नव्हती त्या गटात 21 जणांना संसर्ग झाला, भरती झालं एकच बाळ. लस घेतलेली दोन बाळं दगावली.

लसीने अँटिबॉडी तयार केल्या नव्हत्या असं नाही. भरपूर केल्या होत्या. पण त्या विषाणूला नुसत्या चिकटत होत्या, त्याला पेशीत शिरण्यापासून अडवत नव्हत्या. अँटिबॉडी आणि विषाणू यांचे गठ्ठे बारीक नळ्यांत साचले, त्यांनी तिथे दाह पेटवला, आणि टी पेशी ॲलर्जीच्या वळणावर गेल्या. हे घडलं ते आधी कधीच आरएसव्ही न झालेल्या बाळांतच. ज्या मुलांना तो नैसर्गिकपणे होऊन गेला होता त्यांना लसीने काही केलं नाही. म्हणजे पहिली भेट कशी होते यावर पुढचं सगळं अवलंबून राहिलं.

प्रतिकारशक्ती "वाढवली" की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. अँटिबॉडीचा आकडा वाढला होता, आणि बाळं जास्त आजारी पडली.

या धक्क्यातून हे क्षेत्र पन्नासेक वर्षं सावरलं नाही. भीती पूर्ण गेलीय असंही नाही: 2024 मध्ये बाळांना द्यायच्या एका एमआरएनए लसीची चाचणी, लस घेतलेल्यांत गंभीर आजार जास्त दिसल्यावर थांबवण्यात आली.

मग आता नेमकं काय बदललं?

विषाणूच्या पृष्ठभागावर एफ नावाचं प्रथिन असतं, त्याच्या मदतीने तो पेशीत घुसतो. घुसण्याआधी त्याचा आकार एक असतो, घुसताना तो पूर्ण पालटतो, वाऱ्याने छत्री उलटी व्हावी तसा. उलटलेली छत्री पुन्हा सरळ होत नाही. साठच्या दशकातल्या लसीत प्रामुख्याने अशी उलटलेली एफ प्रथिनं होती. ती बघून शरीर ज्या अँटिबॉडी बनवायला शिकलं त्यांचा उपयोग यथातथाच.

2013 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या जेसन मॅक्लेलन, पीटर क्वाँग आणि बार्नी ग्रॅहम यांच्या गटाने घुसण्याआधीच्या एफचा आकार टिपला आणि तो तसाच गोठवून ठेवायची युक्तीही काढली. खऱ्या अर्थाने विषाणू रोखणाऱ्या अँटिबॉडी त्याच आकाराला धरतात. ही युक्ती पुढे कोविड लसींच्या कामी आली, ते निराळं.

यातून दोन गोष्टी बाजारात आल्या, आणि दोन्हींत बाळाच्या प्रतिकारशक्तीला काहीही शिकवायचा प्रयत्न नाही. एक म्हणजे गरोदर बाईला द्यायची लस. अमेरिकेत तिला ऑगस्ट 2023 मध्ये मान्यता मिळाली, तिथे ती 32 ते 36 आठवड्यांत देतात. जागतिक आरोग्य संघटना 28 आठवड्यांनंतर द्यावी असं म्हणते. मोठ्या चाचणीत जन्मानंतरच्या पहिल्या 90 दिवसांत गंभीर आजार सुमारे 82 टक्क्यांनी कमी झाला, सहा महिन्यांपर्यंत पाहिलं तर सुमारे 69 टक्क्यांनी. दुसरी म्हणजे निर्सेव्हिमॅब, बाळाला थेट टोचायची तयार अँटिबॉडी. याच जातीचं जुनं पॅलिव्हिझुमॅब 1998 मध्ये आलं, पण ते हंगामभर दर महिन्याला द्यावं लागायचं. निर्सेव्हिमॅब एकदाच दिलं की हंगाम निघतो.

आपल्या सरकारी लसीकरण कार्यक्रमात यांतलं काही नाही. उपलब्धता आणि किंमत तुमच्या बालरोगतज्ज्ञांनाच विचारा.

आईकडून बाळाला काही संरक्षण मिळतच असेल ना?

मिळतं. नाळेतून आयजीजी अँटिबॉडी जातात, पण त्यातला मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणून सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची शिदोरी अर्धवट असते. पूर्ण दिवसांच्या बाळातही आरएसव्हीविरुद्धच्या या अँटिबॉडी महिना-सव्वा महिन्याने निम्म्या होत जातात. अंगावरच्या दुधातून मुख्यतः आयजीए या दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडी मिळतात. त्यांनी संसर्ग टळेलच असं नाही, पण आजाराची धार कमी होते.

कोविड मुलांना सौम्य झाला. मग हाच विषाणू का छळतो?

हा प्रश्न मला फार आवडतो. मुलांच्या नाकातल्या पेशी मोठ्यांच्या मानाने आधीच अर्धवट सावध अवस्थेत असतात; विषाणू ओळखणारे संवेदक तिथे जास्त प्रमाणात तयार असतात. 2021 मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी हे दाखवलं. करोना विषाणूला सुरुवातीचा इंटरफेरॉन फार बाधतो, त्यामुळे मुलांत तो बहुधा नाकातच अडकला. मोठ्यांत तो खाली उतरला आणि मग उशिराने दाहाचा भडका उडाला.

आरएसव्ही मात्र नाकात न अडकता बारीक नळ्यांत उतरतो. तिथे बाळाची बाजू नळीच्या आकारामुळेच लंगडी. "मुलं विषाणूंना चांगली तोंड देतात" किंवा "मुलं नाजूकच" ही दोन्ही सरसकट विधानं म्हणून निरुपयोगी आहेत. कोणता विषाणू आणि किती महिन्यांचं मूल, हे आधी सांगा.

एकदा झाला की परत होत नाही ना?

होतो, आयुष्यभर होत राहतो. नाकातल्या आयजीए अँटिबॉडी टिकत नाहीत. पण दुसरा-तिसरा संसर्ग सहसा खाली उतरत नाही, सर्दीवर भागतं. वय वाढलेलं असतं, नळ्या रुंद झालेल्या असतात, आणि स्मृती असलेल्या टी पेशी कामाला लागतात. उतारवयात तो पुन्हा गंभीर होऊ शकतो, ही गोष्ट आजी-आजोबांसाठी.

लॉकडाउनमुळे मुलांची प्रतिकारशक्ती गंजली का?

गंजली नाही. 2020 मध्ये आरएसव्ही जवळपास गायब झाला होता. मग ऑस्ट्रेलियात तो त्या वर्षअखेरच्या उन्हाळ्यात उसळला, अमेरिकेत 2021 च्या उन्हाळ्यात. दोन्हीकडे त्याचा नेहमीचा हंगाम थंडीचा. झालं असं की एरवी पहिल्या दोन वर्षांत ज्यांना तो होऊन गेला असता अशी मुलं साठत गेली, आणि आयांच्याही अँटिबॉडी उतरल्या. सगळी एकदम आजारी पडली म्हणून साथ मोठी दिसली. मुलाच्या शरीरात काही बिघडलं होतं असा याचा अर्थ नाही.

एचएमपीव्ही (ह्यूमन मेटान्यूमोव्हायरस) वेगळा आहे का?

आरएसव्हीचा चुलत भाऊ आहे. 2001 मध्ये नेदरलँड्समध्ये सापडला, पण माणसांत त्याआधीपासूनच फिरत होता. जानेवारी 2025 मध्ये वाहिन्यांनी "नवा विषाणू" म्हणून जो गदारोळ केला त्याला काही आधार नव्हता. लक्षणं आणि काळजी आरएसव्हीसारखीच.

महाराष्ट्रात हा कधी वाढतो?

उत्तर भारतात थंडीत. पुण्या-मुंबईकडे साधारण पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना.

पण हंगामापेक्षा अंतर जास्त जीव घेतं. 2019 या एका वर्षाचा जागतिक अंदाज असा, की पाच वर्षांखालची सुमारे 1,01,400 मुलं आरएसव्हीमुळे दगावली, आणि त्यांतले रुग्णालयात झालेले मृत्यू अवघे 26,300 च्या आसपास. उरलेले घरी, वाटेत, कुठेतरी. सहा महिन्यांखालच्या बाळांचा वाटा 45,700. मेळघाटातल्या आदिवासी गावांत घरोघर जाऊन दोन वर्षांखालच्या मुलांचा जो अभ्यास झाला आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, तो याच कारणाने मोलाचा: रुग्णालयाच्या वहीत न येणारे मृत्यू त्याने मोजायला घेतले. ऑक्सिजन मिळण्याच्या जागेपासून बाळ किती लांब आहे, हे त्याच्या इंटरफेरॉनइतकंच महत्त्वाचं आहे.

घरी काय बघायचं? दवाखाना कधी गाठायचा?

बाळ शांत किंवा झोपलेलं असताना कपडे वर करा आणि पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, तान्ह्या बाळाचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांखाली मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे. आशाताईंना हे आकडे पाठ असतात, त्यांना दाखवलं तरी चालेल.

बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय, बाळ कण्हतंय, ओठ निळसर दिसतायत, दूध निम्म्यावर आलंय, लघवी कमी झालीय, सुस्त पडलंय: यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. अगदी लहान किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळांत खोकलाही नसतो. श्वास मध्येच थांबणं हेच पहिलं लक्षण असू शकतं.

औषध कोणतं?

खरं सांगायचं तर विषाणूवर नेहमी द्यावं असं कोणतंच नाही. नाक सलाइनच्या थेंबांनी मोकळं करणं, थोडं थोडं वारंवार पाजणं, गरज पडली तर ऑक्सिजन आणि नळीने दूध किंवा सलाइन. एवढ्यावर बहुतेक बाळं बरी होतात. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. न्यूमोनिया किंवा कानाचा जीवाणूसंसर्ग असेल तर गोष्ट वेगळी. नेब्युलायझरने वाफ दिली की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, पण ब्रॉन्किओलायटिसमध्ये दम्याच्या औषधाची वाफ नेहमी देऊ नये असंच मार्गदर्शक सूचना सांगतात. काही न लिहून देणारे डॉक्टर आपल्याकडे "हुशार नाहीत" ठरतात. या आजारात बहुधा उलटं असतं.

खोकल्याचं औषध तर नकोच. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष असलेलं सिरप पोटात जाऊन लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. अनेकांना नागपूरला आणलं होतं, बरीच वाचली नाहीत. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत.

धुरी, शेक, घुटी?

धुरी बंद करा. ओवा असो, वावडिंग असो की लसणाची सालं, सुजलेल्या नळीला धूर तो धूरच. नाकात तेल घातलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं. घुटीत मध असेल तर वर्षाखाली नको, बोट्युलिझम या जीवाणूच्या विषबाधेचा धोका असतो. पोटावर डागण्या देण्याबद्दल लिहावं लागू नये, पण मेळघाटातून अजून बातम्या येतात, म्हणून लिहिते: त्याने फक्त जखम होते आणि दवाखान्यात पोचायला उशीर होतो.

इम्युनिटी वाढवणारं सिरप?

पैसे वाचवा. वरची 1966 ची गोष्ट पुन्हा वाचा. वेळेवर पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची), पीसीव्ही (न्यूमोकोकस जीवाणूवरची) आणि गोवराच्या लसी द्या. त्या आरएसव्हीवर नाहीत, पण त्याच्यासोबत आणि त्याच्यानंतर येणारी संकटं कमी करतात.

आता पुढे दमा होणार का?

आरएसव्हीने भरती झालेल्या मुलांना नंतरची काही वर्षं सर्दीत घरघर होण्याचं प्रमाण जास्त असतं, हे पक्कं. त्याने दमा जडतो, की ज्यांच्या नळ्या आणि प्रतिकारशक्तीची घडण मुळात तशी आहे त्यांनाच तो जोरात होतो, हा वाद मिटलेला नाही. पुढच्या दम्याचा अंदाज घ्यायला ऱ्हायनोव्हायरसने, म्हणजे साध्या सर्दीच्या विषाणूने, झालेली घरघर अधिक उपयोगी पडते.

पावसाळ्यात बारसं ठरलंय. पुढे ढकलू का?

ढकलता आलं तर उत्तम, विशेषतः बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर. नाही जमलं तर गर्दी कमी ठेवा. हा विषाणू हातांवरून आणि खेळण्यांवरून पसरतो, कडक पृष्ठभागावर काही तास टिकतो, आणि घरात तो बहुधा बालवाडीत जाणाऱ्या दादा-ताईकडूनच येतो. बाळाला घ्यायच्या आधी साबणाने हात धुवायला सांगायला संकोच करू नका. मुका घेऊ देऊ नका. आत्यालाच सर्दी झाली असेल तर तिने पाळण्यापाशी मास्क लावून कुर्र करावं, नाहीतर मावशीला पुढे करावं.